एक गिटार, एक आवाज: साध्या कव्हर गाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी जुनी भावगीतं, अभंग आणि कविता एका गिटारवर गातो, घरच्या घरी रेकॉर्ड करतो आणि शिकवतोही. क्लासच्या ग्रुपवर, कार्यक्रमानंतर आणि मेलवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, आधी सोपे आणि पुढे अडचणीचे. कायद्याची उत्तरं भारतातल्या कायद्यापुरती आहेत. पैशांचा मोठा व्यवहार असेल तर वकिलाला विचाराच.

१. कव्हर म्हणजे नक्की काय? अनप्लग्ड, रीमिक्स, रीमेक हे सगळं एकच ना?

नाही. दुसऱ्याचं आधी ध्वनिमुद्रित झालेलं गाणं तुम्ही स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या साथीने नव्याने गायलंत की ते कव्हर. शब्द तेच, चाल तीच, बाकी सगळं तुमचं. रीमिक्समध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा उचलून त्यावर नवा ठेका चढवतात. रीमेकमध्ये बहुतेक वेळा मुखडा जुना ठेवतात आणि अंतरे नवे लिहितात. अनप्लग्ड हे नाव रुळलं ते १९८९ साली अमेरिकेत एमटीव्हीवर सुरू झालेल्या कार्यक्रमामुळे. भारतात तो २०११ मध्ये आला. तिथे कलाकार बऱ्याचदा स्वतःचीच गाणी साध्या वाद्यांवर पुन्हा गातात, म्हणजे प्रत्येक अनप्लग्ड गाणं कव्हर असतंच असं नाही.

या पानावर कव्हर म्हणजे एक आवाज आणि एक गिटार, फार तर जोडीला कहोन (ज्यावर बसून हाताने ठेका वाजवतात ती लाकडी खोकी) किंवा टाळ.

२. हे परदेशातून आलेलं फॅड आहे. आपल्याकडे असं कुठे होतं?

हा प्रश्न आला की आम्ही जरा तावातावाने बोलतो. मराठी भावगीत घरोघरी पोचलं तेच मुळी अशा साधेपणातून. गजाननराव वाटवे स्वतः पेटी वाजवत आणि कविता गात. समोर हजारो माणसं बसलेली असत, पण त्यासाठी वाद्यवृंद लागत नसे.

आणि गीतरामायण आठवा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ५६ गाणी आठवड्याला एक या गतीने प्रसारित झाली. ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे सुधीर फडके यांनी गावोगावी कार्यक्रम केले आणि सगळी गाणी एकट्याने, मोजक्या साथीवर गायली. आज बहुतेकांच्या कानात गीतरामायण आहे ते बाबूजींच्या आवाजातलं. चाली त्यांच्याच होत्या, म्हणून त्याला रूढ अर्थाने कव्हर म्हणता येणार नाही. पण आधी दुसऱ्याने गायलेलं गाणं कमी साथीत पुन्हा गायलं आणि लोकांनी ते जास्त जवळ केलं, ही गोष्ट मराठी माणसाने पंचवटीपासून पणजीपर्यंत अनुभवलेली आहे.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि जुनी हिंदी गाणी नव्या आवाजात विकण्याची लाट आली. तिला 'व्हर्जन' म्हणत. तेव्हाचा कायदा ठराविक रॉयल्टी भरून असं ध्वनिमुद्रण करू देत असे. त्या कॅसेटमध्ये साधेपणा नव्हता, मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल करण्याचा प्रयत्न होता. म्हणून 'कव्हर' म्हटलं की जुन्या पिढीच्या कपाळावर आठी येते.

३. मूळ गाणं इतकं सुंदर असताना साधं कव्हरच लोकांना का भावतं?

आमच्या मते पहिलं कारण शब्द. भरगच्च संगीत संयोजनात कान व्हायोलिनच्या तुकड्यामागे जातो, मग बासरीमागे, आणि शब्द ओळखीचे असूनही नीट ऐकले जात नाहीत. क्लासमध्ये आम्ही एक प्रयोग करतो. एकच अंतरा आधी मूळ ध्वनिमुद्रणातून ऐकवतो आणि मग फक्त दोन तारांवर 'सा' आणि 'प' धरून गातो. दुसऱ्या वेळी खोलीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, 'या ओळीचा अर्थ काय?' गाणं लहानपणापासून पाठ असलेलं माणूस हे विचारतं. आमच्यासाठी कव्हरची खरी कमाई हीच आहे.

दुसरं कारण रेकॉर्डच्या काळाशी जोडलेलं आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यात सुरुवातीचं संगीत, मधले तुकडे आणि ध्रुवपद बसवायचं, म्हणून कवितेची कडवी गळायची. आज ती अडचण नाही. कवितासंग्रह उघडून गाळलेलं कडवं त्याच चालीत गायलं की सत्तरीतले श्रोतेसुद्धा सावरून बसतात. गंगापूर रोडवरच्या एका घरगुती मैफलीत एका आजींनी गाणं मध्येच थांबवून ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं होतं.

तिसरं कारण, साधं गाणं आपल्यालाही म्हणता येतं. मूळ गायिकेची तार सप्तकातली उडी ऐकून आपण नमस्कार करतो आणि गप्प बसतो. तेच गाणं कुणी खालच्या पट्टीत, हरकती कमी करून गायलं की स्वयंपाकघरातून साथ येते. पुढे त्याच चार कॉर्डवर दुसरा कुणी आपलं कव्हर करतो, मग तिसरा. एक कव्हर फिरतं तेव्हा त्याच्यामागे अशी दहा माणसं गात असतात.

चौथं कारण ध्वनीचं. माइक तोंडाजवळ असतो. श्वास ऐकू येतो, तारेवरून बोट सरकल्याचा आवाज येतो, त्यामुळे गाणारा शेजारी बसल्यासारखा वाटतो. हेडफोनवर एकट्याने ऐकणाऱ्यांच्या काळात याचं महत्त्व फार वाढलं.

मात्र यातलं काहीही कच्च्या गाण्याला तारत नाही. वाद्यं काढून घेतली की उरतात फक्त शब्द आणि चाल. तीच अशक्त असतील तर साधेपणाने गाणं आणखी उघडं पडतं.

४. मूळ गाण्यापेक्षा कव्हर जास्त गाजलं, असं खरंच घडलंय का?

अनेकदा. आम्ही नेहमी देतो ते उदाहरण 'हालेलुया' या इंग्रजी गाण्याचं. लेनर्ड कोहेन यांनी ते १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं, पण त्यांच्या कंपनीने तो अल्बम अमेरिकेत काढायला नकार दिला होता. गाणं जवळजवळ कुणाच्या लक्षात आलं नाही. १९९१ मध्ये जॉन केल यांनी ते फक्त पियानोवर गायलं. ते ऐकून जेफ बकली या तरुणाने १९९४ मध्ये आपलं केलं. एक गिटार, एक आवाज आणि दोहोंमध्ये भरपूर मोकळी जागा. ती गिटार इलेक्ट्रिक होती, म्हणजे 'अकूस्टिक' हा शब्द काटेकोरपणे लागू होत नाही, पण वृत्ती तीच. आज जगभर लोक हे गाणं गातात ते बहुतेक याच वळणाने.

जवळचं उदाहरण 'माणिके मगे हिते'. हे सिंहली गाणं २०२० मध्ये आलं. २०२१च्या मे महिन्यात योहानी या श्रीलंकन गायिकेने त्याचं कव्हर केलं आणि काही महिन्यांत ते भारतभर पसरलं. शब्द कुणाला कळत नव्हते, तरी कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर पोरं ते गुणगुणत होती. शब्द नीट ऐकू येतात म्हणून कव्हर आवडतं, असं वर म्हटलं. इथे शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. चाल आणि गळ्याचा पोत एवढ्यावर ते चाललं. तेव्हा आमचं म्हणणं सगळ्या कव्हरना लागू पडतं असा दावा नाही. मराठी कवितेला मात्र ते लागू पडतं, याबद्दल आम्ही ठाम आहोत.

५. पहिल्या कव्हरसाठी कोणतं गाणं निवडावं?

टाळ्या मिळतील असं निवडू नका, ज्याचे शब्द तुम्हाला बोलून दाखवता येतात असं निवडा. गाणं आधी कवितेसारखं मोठ्याने वाचा. वाचताना कुठेही अडखळला नाहीत, प्रत्येक ओळ आपण कुणाला सांगतोय हे कळलं, तर ते गाणं तुमचं. तीनचार कॉर्डमध्ये बसणारं, दीड सप्तकाच्या आत फिरणारं असावं. ज्या गाण्याचा जीव वाद्यांच्या तुकड्यातच आहे, ते सोडून द्या.

६. मूळ गाणं बाईंच्या आवाजात आहे, मला ते उंच पडतं. पट्टी कशी ठरवायची?

गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. वरचा सूर न ओरडता आणि खालचा सूर न पुटपुटता लागला की ती तुमची पट्टी. आपल्याकडे पेटीमुळे (काळी एक, काळी दोन म्हणजे पेटीवरची पहिली, दुसरी काळी पट्टी 'सा' धरणं) बऱ्याच बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये आणि पुरुष काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, पण तो नियम नाही.

गिटारवाल्यांना काळ्या पट्ट्यांची धास्ती वाटते. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. सी कॉर्डचा आकार धरून पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो लावला की काळी एक. जी कॉर्डचा आकार आणि पहिल्या पडद्यावर कॅपो म्हणजे काळी चार. डी कॉर्डचा आकार तिथेच, म्हणजे काळी दोन. पेटीवाल्या काकांबरोबर वाजवायला एवढं पुरतं.

७. रागावर आधारित भावगीताला गिटारचे कॉर्ड लावले की ते बिघडतं, असं आमचे गुरुजी म्हणतात. खरं का?

निम्मं खरं. कॉर्ड सवयीने लावले तर बिघडतंच. भूप घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. सी ही पट्टी धरून गिटारवाला सवयीप्रमाणे एफ आणि जी कॉर्ड वाजवतो. एफमध्ये मध्यम आला, जीमध्ये निषाद आला. गायक भूप गातोय आणि गिटार भलतंच काही सांगतंय. गुरुजींच्या कानाला ते टोचणारच.

उपाय आहे. ए मायनर वाजवा, त्यात ध, सा, ग येतात, तिन्ही भूपातले. जीऐवजी जी सस फोर वाजवा, त्यात प, सा, रे येतात. पुष्कळदा तर कॉर्ड सोडून नुसते सा आणि प छेडत राहिलं की तानपुऱ्याचं काम होतं. यमनमध्ये तीव्र मध्यम असल्यामुळे सीच्या जोडीला डी मेजर छान बसतो. भैरवीसाठी सी मायनर, आणि कोमल रिषभावर डी फ्लॅट मेजर.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गिटारच्या पडद्यांवर पुरेशी येत नाही. जिथे गळा मींड घेतो तिथे गिटारने थांबावं. साथीदाराने कुठे वाजवू नये हे शिकायला वाजवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

८. तबला नाही, मग ठेका कसा धरायचा?

उजव्या हाताने. दादऱ्याच्या सहा मात्रांना अंगठा पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर खर्जाच्या तारेवर, बाकी बोटं मधल्या तारांवर. केरव्याला आठ. रूपक असेल तर तीन-दोन-दोन असे भाग मोजा आणि पहिली मात्रा हलकी ठेवा. रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर येते, ती दणकवायची सवय इथे उपयोगी नाही. अभंगाला गिटारच्या लाकडावर भजनी ठेका वाजवता येतो. सुरुवातीला मेट्रोनोमवर सराव करा, पण रेकॉर्ड करताना शब्दांनुसार थोडं मागेपुढे होऊ द्या.

९. मूळ गायकाच्या हरकती तशाच घ्यायच्या की स्वतःच्या?

आधी तशाच शिका, अगदी श्वासासकट. मग रेकॉर्ड बंद करून आठवडाभर गाणं नुसतं गुणगुणा. जी हरकत आपोआप राहील ती ठेवा, जी मुद्दाम आठवावी लागते ती सोडा. नवीन हरकती घालण्याची घाई आम्हाला पसंत नाही. चाल संगीतकाराची आहे, ती ओळखू यायला हवी. (चाल बदलण्याला कायद्याचीही एक बाजू आहे, ती प्रश्न १४ मध्ये.)

१०. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करता येईल का?

हो. सुरुवातीला माइकवर पैसे घालू नका, खोलीवर लक्ष द्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा, घुमणारा आवाज कापड गिळतं. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, फोन विमान मोडवर. गिटारच्या भोकासमोर माइक ठेवला की आवाज ढबढब येतो. बाराव्या पडद्याच्या आसपास, वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. आवाज आणि गिटार एकाच फोनवर एकदम घेत असाल तर फोन छातीच्या उंचीवर, हातभर लांब, आणि गिटार हलक्या हाताने.

वेळ? सिडको-सातपूरला शिफ्ट सुटण्याच्या वेळा टाळा, मेन रोड-भद्रकालीला रात्री अकरानंतरच. इंदिरानगरची एक मुलगी दुपारी दोन ते चार, सोसायटी झोपलेली असताना गाते आणि तिची रेकॉर्डिंग आमच्या सगळ्यांत स्वच्छ असतात. कुकरची शिट्टी आली तर पुन्हा गा. गाणं खरंच लागलेलं असेल आणि लांबून देवळातली घंटा आली असेल, तर राहू द्या.

११. गोदाघाटावर व्हिडिओ शूट केला तर छान दिसेल ना?

दिसायला छान, ऐकायला वाईट. नदीवरचा वारा माइकवर घोंघावतो. आवाज घरी रेकॉर्ड करा आणि घाटावर फक्त चित्रण करा, किंवा माइकवर फरचं आवरण लावून सूर्योदयाच्या सुमारास जा. बुधवारी जाऊ नका, घाटावर आठवडे बाजार असतो. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीची कामंही सुरू आहेत, आदल्या दिवशी जागा पाहून या. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला आलेले असतात. तिथे कॅमेरा लावू नये, हे सांगावं लागू नये. ट्रायपॉड, दिवे, ड्रोन असेल तर आधी महापालिका आणि पोलिसांकडे परवानगीची चौकशी करा.

१२. हिवाळ्यात माझी गिटार सारखी बेसूर होते. दोष गिटारचा का?

बहुधा हवेचा. नाशिकची थंडी कोरडी असते, लाकूड आकसतं. पावसाळ्यात ते फुगतं आणि तारा गंजतात. वाजवून झाली की कोरड्या फडक्याने तारा पुसा, गिटार केसमध्ये ठेवा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको. रेकॉर्डिंगच्या खोलीत अर्धा तास आधी गिटार बाहेर काढून ठेवा आणि मग सूर लावा.

१३. कव्हर अपलोड केलं आणि लगेच 'कॉपीराइट क्लेम' आला. चॅनल बंद होणार का?

घाबरू नका. यूट्यूबवर क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम म्हणजे यंत्रणेने चाल किंवा ध्वनिमुद्रण ओळखलं. बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचं उत्पन्न हक्कधारकाकडे जातं. काही गाण्यांत वाटणीही मिळते. स्ट्राइक म्हणजे हक्कधारकाने व्हिडिओ काढून टाकायला लावला. ९० दिवसांत असे तीन आले तर चॅनल जाऊ शकतं.

बाजारातला कॅराओके ट्रॅक वापरला असेल तर त्या ट्रॅकचा हक्क वेगळा, आणि 'मी फक्त गायलो' हे उत्तर तिथे चालत नाही. स्वतः गिटार वाजवण्याचा हाही एक फायदा.

१४. मग कव्हर करायला परवानगी लागते की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

एका गाण्यात तीन हक्क असतात: गीताचा, संगीताचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही नव्याने गायलात तर तिसऱ्याला हात लागत नाही. पहिले दोन उरतात, आणि त्यांची परवानगी लागते.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ३१सी आलं, ते खास कव्हरसाठीच. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, तीही दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. तांत्रिकदृष्ट्या गरजेचे नसलेले बदल शब्दांत किंवा चालीत करता येत नाहीत. आवरणावर हे कव्हर आहे असं लिहावं लागतं आणि आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र छापता येत नाही. ही तरतूद कॅसेट-सीडीच्या प्रती मोजण्याच्या काळाला धरून लिहिली आहे आणि ती ध्वनिमुद्रणापुरती आहे. त्याला चित्र जोडून व्हिडिओ करणं हा वेगळा हक्क. घरी बसून गाणाऱ्याला ५०,००० प्रतींचा हिशेब परवडणारा नाही. म्हणून बहुतेक लोक यूट्यूबच्या कंपन्यांशी असलेल्या करारांच्या आधारावर तिथे गातात आणि क्लेम स्वीकारतात. पण तेच गाणं गाण्यांच्या अ‍ॅपवर विकायला टाकायचं असेल तर आधी लेखी परवाना घ्या.

१५. अभंग किंवा जुनी कविता तर मोफत असते ना?

शब्द मोफत असतील, चाल असेलच असं नाही, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण तो अभंग तुम्ही ज्या चालीत ऐकलात ती गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या एखाद्या संगीतकाराची असेल, तर ती चाल त्यांची किंवा त्यांच्या वारसांची.

केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, १९४१ मध्ये गेलेले भा. रा. तांबे, आपल्या नाशिकचे कवी गोविंद, यांच्या कविता आता मुक्त आहेत. भगूरला जन्मलेले सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरचा हक्क २०२६च्या अखेरीस संपतो. गदिमांचा २०३७ पर्यंत आणि कुसुमाग्रजांचा २०५९ पर्यंत आहे.

म्हणून आमचा आग्रह असा की मुक्त कवितेला स्वतः चाल लावा. ते कव्हर राहत नाही, पण गिटारवर गाणाऱ्या मुलांनी कधीतरी तिकडे वळावंच.

१६. लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा कालिदास कलामंदिरात गायचं असेल तर?

लग्न आणि त्याला धरून होणारे समारंभ यांना कायद्याने सूट आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. शाळा-कॉलेजात विद्यार्थी आणि शिक्षक गात असतील आणि प्रेक्षकांत विद्यार्थी, कर्मचारी, पालकच असतील तर तिथेही सूट आहे. हौशी मंडळाने फुकट कार्यक्रम केला तरीही.

तिकीट लावून कालिदासमध्ये किंवा प. सा. नाट्यगृहात कार्यक्रम असेल, किंवा हॉटेलमध्ये पैसे घेऊन गाणार असाल, तर गीत-संगीताच्या सादरीकरणाचा परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था तो देते. परवाना आयोजकाने काढायचा असतो, बोलणी करतानाच तसं लिहून घ्या.

१७. गाणं स्त्रीच्या तोंडचं आहे आणि मी पुरुष. 'आले'चं 'आलो' करू का?

नका करू. मराठीत क्रियापदातच लिंग असल्याने हा प्रश्न आपल्याला सारखा पडतो, आणि उत्तर आपल्या परंपरेत आहे. ज्ञानदेवांनी विराण्या, म्हणजे विरहाची गाणी, स्त्रीच्या मुखाने लिहिल्या. जनाबाईंचे अभंग वारीत पुरुष जसेच्या तसे गातात. गीतरामायणात सीतेची गाणी बाबूजी गात, तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. बाहेर पाहिलं तर ट्रेसी चॅपमन यांचं १९८८ चं 'फास्ट कार' ल्यूक कॉम्ब्स यांनी २०२३ मध्ये गायलं, तेव्हा दुकानात काम करणारी 'मुलगी' त्यांनी मुलगीच ठेवली. ते कव्हर अमेरिकेत प्रचंड गाजलं आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गीताचा सीएमए पुरस्कार (तिथल्या कंट्री संगीताचा) गीतकार म्हणून चॅपमन यांना मिळाला.

'आले'चं 'आलो' केलं की यमक मोडतं, मात्रा ओढाताणीने बसते, आणि गाणारा पात्र सोडून स्वतःबद्दल बोलू लागतो. शब्द बदलणं कायद्यालाही रुचत नाही (प्रश्न १४). भाषांतर करून गायचं असेल तर ते कव्हर नाही, त्याला गीतकाराची वेगळी परवानगी लागते.

१८. श्रेय कसं लिहायचं?

पहिल्या ओळीत, 'अधिक पाहा'च्या आत दडवून नाही. गीत, संगीत, मूळ स्वर, मग तुमचं नाव. कविता असेल तर संग्रहाचं नावही. मूळ गायकांचा फोटो थंबनेलवर लावू नका. लोक फसतात, आणि ३१सी खाली परवाना घेतला असेल तर तशी मनाईच आहे. 'मूळ गाण्यापेक्षा भारी' असल्या कमेंटना हृदय देऊ नका. ज्यांच्या चालीवर आपण उभे आहोत त्यांच्याशी आपली स्पर्धा नाही.

१९. एआयने मूळ गायकाच्या आवाजात कव्हर बनवलं तर?

आम्ही करत नाही आणि शिकवत नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. आवाज हा त्या व्यक्तीच्या ओळखीचा भाग आहे, असं त्यामागचं तत्त्व. दिवंगत गायकांबाबत तर ते स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून जास्तच जपायला हवं. सूर तपासायला, गोंगाट काढायला यंत्राची मदत घ्या, त्याला कुणाची हरकत नाही.

२०. गाणं आजीकडून ऐकलंय, कवी-संगीतकार कुठेच सापडत नाहीत. 'पारंपरिक' लिहून टाकू का?

शोधल्याशिवाय नको. 'पारंपरिक' म्हणून फिरणारी पुष्कळ गाणी शोधल्यावर कुणाच्या तरी नावाची निघतात. आधी आजीला विचारा, रेडिओवर ऐकलं होतं, नाटकात, की जात्यावर? रेडिओवर असेल तर आकाशवाणीच्या जुन्या कार्यक्रमांत माग लागू शकतो. नाटकातलं असेल तर नाटकाच्या पुस्तकात पद सापडतं. १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, जुने कवितासंग्रह आणि नाटकं आहेत. ध्रुवपद सोडून मधल्या कडव्यातली ओळ घेऊन शोधा, ध्रुवपदं अनेकांची सारखी असतात. जात्यावरची ओवी किंवा भोंडल्याचं गाणं असेल तर 'पारंपरिक' लिहाच, पण जोडीला कुठल्या गावचं, कुणाकडून ऐकलं तेही लिहा. निफाडची आणि सुरगाण्याची चाल एक नसते. एवढं करूनही नाव मिळालं नाही तर 'कवी-संगीतकारांची माहिती असल्यास कळवा' असं लिहून अपलोड करा, आणि कुणी कळवलं की त्याच दिवशी नाव घाला.